विरणारा स्फटिक म्हणजे उलटी फिरवलेली चित्रफीत नव्हे

सूक्ष्मदर्शकाखाली विरणाऱ्या हिमस्फटिकांच्या चित्रफितींसोबत एक स्पष्टीकरण सगळीकडे फिरतं: ‘संप्लवन (बर्फाची न वितळता थेट वाफ होणं) म्हणजे वाढीचीच क्रिया, उलट्या दिशेनं. थरामागून थर उतरतात, षटकोन तसाच राहतो, पृष्ठभागही गुळगुळीत. आणि हे फक्त निर्वातात घडतं.’ यातलं फारच थोडं खरं आहे.

निर्वाताचा मुद्दा चटकन निकाली निघतो. उणे १० अंश सेल्सिअसला बर्फाचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून सुटणाऱ्या वाफेचा दाब, साधारण २६० पास्कल असतो. भोवतालच्या बाष्पाचा दाब त्याहून कमी असला की बर्फ झिजू लागतो, मग हवा कितीही असो. हवा विरळ केली तर वेग वाढतो, एवढंच.

खरी गफलत षटकोनाबद्दल आहे. स्फटिक वाढताना सपाट पैलूवर नवा थर सुरू होणंच अवघड असतं. त्यामुळे हे पैलू सर्वांत सावकाश पुढे सरकतात, आणि जे सावकाश वाढतं तेच अखेर आकारात उरतं. झिजताना ही अडचण राहत नाही. कडा-कोपऱ्यांवरच्या रेणूंना शेजारी कमी, पकड सैल. शिवाय कोपरे कोरड्या हवेत पुढे आलेले. रेणू तिथूनच आधी सुटतात. कोपरे बोथट होतात आणि षटकोनी चकती गोलाकडे झुकते. हे पाहायला साधा प्रकाशीय सूक्ष्मदर्शकही पुरतो, म्हणून तर या दाव्याचं जास्त वाईट वाटतं.

थरांचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बर्फाच्या पृष्ठभागावरच्या, जेमतेम ०.३७ नॅनोमीटर उंचीच्या, एका रेणूथराच्या पायऱ्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकानं टिपल्या. पण झिजताना थर अखंड सुटत नाही. पायरीच्या काठावरून रेणू निघत जातात आणि काठ मागे हटतो.

गुळगुळीतपणाचं काय? त्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत षटकोनी स्फटिकाच्या उभ्या बाजूंवर ५ ते १० मायक्रोमीटर अंतरानं आडव्या वळ्या स्पष्ट दिसल्या, स्फटिक वाढतानाही आणि झिजतानाही. ढगांच्या अभ्यासात ही बारीकशी गोष्ट मोलाची ठरते. सूर्याभोवतीचं २२ अंशांचं खळं ठळक पडायला सपाट, नितळ पैलू लागतात. खडबडीत स्फटिक प्रकाश विखुरतात आणि त्यातला जास्त भाग परत अवकाशात पाठवतात. गणितात स्फटिक गुळगुळीत धरले, तर सिरस ढग (खूप उंचावरचे, बर्फकणांचे विरळ ढग) प्रत्यक्षापेक्षा कमी ऊन परतवतात असं उत्तर येतं.