महाकाय दीर्घिका व्हायचंय? मग शेजारी लहानच निवडा

दीर्घिका म्हणजे तारे आणि वायू यांचा अफाट संसार; आपली आकाशगंगा त्यांतलीच एक. तुम्हाला त्यांतली महाकाय व्हायचं असेल, तर पहिली गोष्ट, घाई करा. विश्वाला १३८० कोटी वर्षं झाली, अजून भरपूर वेळ आहे, असं म्हणत बसलेल्यांची गत आपल्या आकाशगंगेसारखी होते. वर्षाकाठी एक-दोन सूर्यांचा ऐवज जेमतेम ताऱ्यांत उतरतो आणि त्यावर समाधान मानावं लागतं. तुम्ही पहिल्या दोन-तीनशे कोटी वर्षांतच घरातला सगळा वायू उधळा. वर्षाला शेकडो सूर्य घडवा. पुढचं पुढे.

पुढे काय होतं? तुमच्याकडे सूर्याच्या दहा हजार कोटी पट वस्तुमान जमतं, पण सगळं एवढ्याशा जागेत कोंबलेलं. निम्मा प्रकाश केंद्रापासून चार-पाच हजार प्रकाशवर्षांच्या आतूनच येतो. खगोलशास्त्रज्ञ अशांना ‘रेड नगेट’ म्हणतात. लाल ढेकूळ. नाव मनाला लावून घेऊ नका, सुरुवात सगळ्यांची अशीच असते.

आता नवे तारे बंद. बाहेरून वायू येत राहील, पण तो थंड होता कामा नये, कारण थंड झाला की आकसतो आणि तारे जन्माला घालतो. त्यासाठी केंद्रात एक धष्टपुष्ट कृष्णविवर बाळगा. दीर्घिकांच्या कन्या समूहातल्या एम ८७ या दीर्घिकेने सूर्याच्या ६५० कोटी पट वजनाचं पोसलं आहे. २०१९ मध्ये त्याचा फोटोही आला. कृष्णविवर स्वतः फारसं खात नाही, पण जेवढं खातं तेवढ्यावर घर डोक्यावर घेतं. ययाती समूहातल्या मधल्या दीर्घिकेचं कृष्णविवर भोवतीच्या तप्त वायूत बुडबुडे सोडतं आणि त्यांतून ध्वनिलहरी उठतात. चंद्रा या अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००३ मध्ये हा सूर ओळखला गेला: पियानोच्या मधल्या ‘सी’पेक्षा ५७ सप्तकं खाली. एका आंदोलनाला साधारण एक कोटी वर्षं लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकच सूर लावून धरावा आणि पोराटोरांना झोप लागू नये, तसा तो वायू गरमच राहतो.

जन्म बंद, तरी वाढायचं कसं? आयत्या बिळावर नागोबा होऊन. इथे मात्र नवखे हमखास चुकतात. त्यांना बरोबरीचं स्थळ हवं असतं. दोन तुल्यबळ दीर्घिका भिडल्या तर वस्तुमान दुप्पट आणि त्रिज्याही साधारण दुप्पटच. शिवाय सुबक तबकडी मोडते, नागमोडी भुजा जातात आणि तारे वाट्टेल त्या दिशेला फिरू लागतात. (तारे एकमेकांवर आदळत नाहीत, मध्ये अंतरच तेवढं असतं. पडझड घडीची होते, विटांची नाही.) त्यापेक्षा बारकी, सैल बांध्याची, वायू संपलेली शेजारीण गाठा. तिचे तारे तुमच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच सोलले जाऊन परिघावर पसरतात. अशा किरकोळ घासांनी वस्तुमान दुप्पट केलंत तर त्रिज्या चौपटीपर्यंत जाऊ शकते. गाभा जुना तो जुनाच, पसारा सगळा लुटीचा. वायूवाली शेजारीण नको. तो वायू थेट केंद्रात घसरतो, तिथेच तारे घडतात आणि इतक्या कष्टाने सुटलेली ढेरी पुन्हा आत जाते.

चोरी पचेल या भ्रमात मात्र राहू नका. तुमच्याभोवतीचे गोलाकार तारकागुच्छ फितूर आहेत. लालसर गुच्छ बहुतांशी घरचे, निळसर बव्हंशी गिळलेल्यांचे. २०१८ मध्ये हबल दुर्बिणीने ययाती समूहातल्याच एनजीसी १२७७ या दीर्घिकेची झडती घेतली, तर निळे गुच्छ जवळजवळ नाहीतच. आपल्या आकाशगंगेच्या दुप्पट तारे, आकार मात्र चतुर्थांश. म्हणजे हजार कोटी वर्षांपूर्वीचं ढेकूळ जसंच्या तसं. भोवती शेकडो दीर्घिका, पण बाई समूहातून ताशी तीसेक लाख किलोमीटर वेगाने धावते आहे. घास घ्यायला थांबावं लागतं. ययातीच्या घरात राहून दुसऱ्याचं तारुण्य न मागणारी ही बहुधा एकटीच.

आणि हो, एवढं सगळं करून म्हातारपणी तुमची नोंद ‘अर्ली टाइप’, म्हणजे आधीचा प्रकार, अशी होईल. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२६ मध्ये तुमच्यासारख्या लंबवर्तुळाकार दीर्घिका क्रमवारीत आधी मांडल्या, तेव्हापासून ते बिरुद चिकटलंय. तक्रार करून उपयोग नाही, सवय झाली आहे सगळ्यांना.

आकाशगंगेत बसून हे वाचत असाल तर हिणवून घेऊ नका, आपलंही खाणं चालू आहे. धनू राशीतली एक खुजी दीर्घिका आपण अब्जावधी वर्षं चघळतो आहोत. ती आपल्याला दिसली १९९४ मध्ये, कारण आपल्याच केंद्राच्या पलीकडे दडली होती. बरोबरीचं स्थळ म्हणाल तर शेजारची देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवरून निघालेली आहेच. ती येणारच, असं परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. २०२५ च्या आकडेमोडीनुसार पुढच्या हजार कोटी वर्षांत धडकेची शक्यता निम्मी-निम्मी. तोवर नागमोडी भुजांचा एखादा बरा फोटो काढून ठेवायला हवा. बाहेरून काढलेला एकही नाही आपल्याकडे.