बारा यार्ड गेले कुठे? फोर्ज्ड कॅव्हिटी बॅकवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि तिच्यातले दोन मुद्दे बिनतोड आहेत. दोन ओळींत उरकण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून उत्तर वेगळं देतोय. बाकीच्यांसाठी तक्रारीचा गोषवारा असा: गोल्फच्या आयर्न क्लबांचा जुना कास्ट, म्हणजे ओतीव सेट देऊन तुम्ही ५ आयर्नपासून पिचिंग वेजपर्यंतचा (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा जास्त तिरपा क्लब) फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, कॅव्हिटी बॅक (पाठीमागे पोकळी असलेला) सेट घेतला. ७ आयर्न १२ यार्ड कमी जायला लागलं. चेंडू डावीकडे जातो. पावसाळ्यात सोलवर (डोक्याच्या तळावर) गंज धरला. आणि ज्या फीलची (फटक्याच्या वेळी हाताला होणाऱ्या जाणिवेची) माझ्या लेखात एवढी तारीफ होती तो फील म्हणजे थंडीतल्या सकाळी हाताला येणाऱ्या झिणझिण्या. ‘फोर्ज्ड हा शब्द ऐकून लोक फसतात, आणि तुमच्यासारखे लेख त्याला हातभार लावतात,’ असा शेवट.

फीलपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘फोर्ज्ड स्टील मऊ, म्हणून फील मऊ’ हे वाक्य लेखात नको होतं. १०२० किंवा १०२५ जातीचं कमी कार्बनचं स्टील मऊ असतं हे खरं, पण मऊ याचा अर्थ ते लवकर वाकतं आणि वाकलं की तसंच राहतं. कडकपणा, म्हणजे ठोका बसल्यावर धातू किती लवतो आणि किती जोराने परत येतो, तो जवळपास सगळ्या स्टीलमध्ये सारखाच असतो. फोर्ज्ड कार्बन स्टील घ्या की कास्ट १७-४ स्टेनलेस घ्या, दोन्हींचा आकडा २०० गिगापास्कलच्या आसपास. घनताही जवळजवळ तीच. चेंडू फेसवर (डोक्याच्या मारायच्या बाजूवर) असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हाताला काही कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. आपण ज्याला फील म्हणतो तो मागे उरलेला आवाज आणि शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांडीतून, वर येणारी थरथर.

मग फरक जाणवतो तो कशाचा? चेंडू लागतो त्या जागेच्या मागे किती धातू आहे याचा. कास्ट गेम इम्प्रूव्हमेंट आयर्नचा (चुकलेला फटका सांभाळून घेणाऱ्या क्लबचा) फेस दोन-अडीच मिलिमीटर पातळ असतो, तो पत्र्यासारखा वाजतो. फोर्ज्ड कॅव्हिटीत मध्यभागी जाड पट्टा ठेवलेला असतो, तिथे आवाज दबका आणि खालच्या पट्टीतला येतो. तेवढाच पट्टा कास्टिंगमध्ये ठेवला तर तोही बराचसा तसाच वाजेल. व्यावसायिक टूरवर सर्रास दिसणाऱ्या व्होकी या नावाच्या वेजेस ८६२० स्टीलच्या कास्ट आहेत. त्यांचा फील वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला मिझुनो ही जपानी कंपनी हिरोशिमात एकाच सळईतून हॉजलसकट (शाफ्ट बसतो त्या नळीसकट) अख्खं डोकं ठोकते आणि धातूचा अखंड प्रवाह हीच आपली ओळख सांगते. मिउरा ही दुसरी जपानी कंपनी हिमेजीत नुसतं डोकं ठोकून हॉजल नंतर फिरवून वेल्ड करते. या दोन पद्धती एकमेकींच्या उलट आहेत, आणि फीलसाठी नावाजतात दोघींना.

तुमच्या झिणझिण्यांकडे येऊ. पुण्यात जानेवारीच्या सकाळी पारा दहाच्या खाली असतो तेव्हा चेंडू कडक झालेला असतो. त्यात तो फेसच्या तळाच्या एक-दोन खाचांवर किंवा टो-कडे (शाफ्टपासून लांबच्या कडेला) लागला तर कुठलंही आयर्न चावतं. जुन्या सेटला रुंद सोल होता आणि वजन कडेला जास्त होतं, म्हणून तोच चुकीचा फटका झाकला जायचा. पायाला मारतात तो पावडर स्प्रे फेसवर हलका मारा, दहा चेंडू मारा, पुसू नका, फोटो काढा. ठसे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असतील तर दोष शाफ्टमध्ये किंवा चेंडूत शोधू. ते टो-पासून हीलपर्यंत (शाफ्टकडच्या कडेपर्यंत) पसरलेले असतील तर हे डोकं तुमच्यासाठी लहान आहे, आणि तसं असेल तर तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर.

आता १२ यार्ड. जुन्या सेटचं मॉडेल तुम्ही दिलंय. त्या वर्गातल्या ७ आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, २८ ते ३० अंश असतो. नव्याचा ३३ किंवा ३४. एका क्लबपासून पुढच्या क्लबपर्यंत साधारण ४ अंशांचा फरक ठेवतात, म्हणजे तुम्ही ज्याला ७ म्हणता ते जुन्या हिशेबाने ८ आहे. शिवाय जुन्याचा शाफ्ट बहुधा पाव-अर्धा इंच लांब. यात फोर्जिंगचा हात अजिबात नाही असंही नाही: मऊ स्टीलचा फेस फार पातळ केला तर तो कालांतराने चेपेल, त्यामुळे तो जाड ठेवावा लागतो आणि चेंडूला उसळी थोडी कमी मिळते. म्हणूनच मिझुनोने जेपीएक्स फोर्ज्ड या आयर्नमध्ये बोरॉन मिसळलेलं स्टील आणलं, म्हणजे फेस थोडा पातळ करता यावा. पण तुमच्या १२ यार्डांतला मोठा वाटा सोलवर कोरलेल्या आकड्याचा आहे.

यावर तुमचा उपाय आहे सगळे क्लब ४ अंश स्ट्राँग, म्हणजे कमी लॉफ्टचे, करून घेण्याचा. कृपा करून करू नका. लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्स, म्हणजे सोलला जमिनीत रुतू न देणारा कोन, एक अंश कमी होतो. ७ आयर्नला ५ अंश बाउन्स असेल तर उरेल १. जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवे भिजून मऊ झालेला असतो, तिथे अशी धार कुदळीसारखी आत जाते आणि चेंडूऐवजी चिखलाचा गोळा पुढे पडतो. वर ऑफसेट (फेस शाफ्टच्या मागे असण्याचं अंतर) वाढतो, तुमचा चेंडू आधीच डावीकडे जातोय. एक अंश ठीक, दोन म्हणजे हद्द.

त्यापेक्षा आकडा विसरा आणि अंतरं नव्याने मांडा. प्रत्येक क्लबने दहा चेंडू, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात आखूडचे दोन सोडून मधल्या सहांची सरासरी, आणि मोजायची ती कॅरी, म्हणजे चेंडूचं हवेतलं अंतर. घरंगळ धरायची नाही. रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंवर नव्हे, आपल्या नेहमीच्या चेंडूवर. नव्या पिचिंग वेजचा लॉफ्ट ४६ आहे, जुन्याचा ४३-४४ असणार. तुमच्याकडे ४८ ची वेज आहे ती आता पिचिंग वेजच्या अंगावर बसते. तिच्या जागी ५० ची हवी. वरच्या टोकाला ५ आयर्नच्या पुढे एक हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) लागेल. बदल्यात जे मिळतं ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही: लॉफ्ट जास्त म्हणजे फिरकी जास्त, चेंडू उंचावरून उभा पडतो. मे महिन्यातल्या टणक ग्रीनवर १४० यार्ड जाऊन थांबणारा चेंडू हवा की १५२ जाऊन मागच्या बंकरकडे पळणारा, हे स्कोअरकार्ड सांगेल.

डावीकडे जाण्याचा प्रश्न मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फोर्ज्ड घेण्याचं माझ्या मते एकमेव भक्कम कारण तिथेच आहे. हे आयर्न वाकवता येतं. ते वाकवून आपल्या अंगाला बसवून घेतलं नाही तर जास्तीचे पैसे कशासाठी दिले?

नव्या सेटला ऑफसेट कमी आहे, त्यामुळे चेंडू थोडा उजवीकडे सरकायला हवा होता. तो डावीकडे जातोय म्हणून संशय लायवर, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनावर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब जास्त उभा असेल, म्हणजे ठोक्याच्या वेळी टो हवेत राहत असेल, तर फेस डावीकडे बघतो. किती, ते लॉफ्टवर अवलंबून. लाय २ अंशांनी चुकली तर २६ अंशांचं ५ आयर्न सुमारे १ अंश डावीकडे बघतं, ३४ अंशांचं ७ आयर्न १.३५ अंश, ४२ अंशांचं ९ आयर्न १.८ अंश. ११५ यार्डांवर ९ आयर्नचा चेंडू साडेतीन यार्ड डावीकडे निघतो. हवेतलं वळण त्यात धरलेलं नाही. यातून एक सोपी परीक्षा निघते. ९ आयर्न आणि वेज जास्त कोनात डावीकडे जात असतील आणि ५ आयर्न बऱ्यापैकी सरळ असेल, तर लाय. सगळे सारखेच डावीकडे जात असतील तर ग्रिप किंवा खांदे बघा, क्लबला दोष देऊ नका.

लाय घरच्या घरी तपासायची तर व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड सरळ रेघ ओढा. रेघ उभी आणि फेसकडे तोंड करून चेंडू ठेवा, मारा, फेसवर उमटलेला ठसा बघा. क्लब असा धरा की खाचा आडव्या दिसतील. रेघेचं वरचं टोक टो-कडे झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, हीलकडे झुकलं असेल तर जास्त आडवा. ठसा जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो आणि त्यात २ अंश म्हणजे पाऊण मिलिमीटरचासुद्धा तिरपेपणा नाही, तेव्हा डोळ्यावर विसंबू नका. समोरून फोटो काढून मोबाइलवर कोन मोजा, आणि पाच ठशांची सरासरी घ्या. सोलला टेप लावून फळीवरून मारायची पद्धत जुनी आहे, पण फळी क्लबला थोडं ढकलते आणि सोलची गोलाईही फसवते. रेघेवर माझा जास्त भरवसा.

वाकवून घेताना फिटरकडे उभे राहा. आधी प्रत्येक क्लबचा लॉफ्ट आणि लाय मशीनवर मोजून कागदावर लिहून घ्यायचा. नवा सेट कारखान्यातून एखादा अंश इकडेतिकडे येणं नवलाचं नाही. ७ आयर्नची लाय ६२ च्या आसपास आणि पुढे ८, ९ करत दर क्लबला अर्धा अंश जास्त, अशी पायरी सापडायला हवी. पायरी तुटलेली असेल तर आधी ती सरळ करायची, मग सगळा सेट एकत्र हलवायचा. मशीनच्या जबड्याला पितळेचे तुकडे हवेत, नाहीतर क्रोमवर दात उमटतात. वाकवायचा दांडा हॉजलच्या बुडाशी लावायचा, एका वेळी अर्धा-पाऊण अंश, आणि दर वेळी हात सोडून पुन्हा मोजायचं, कारण धातू थोडा परत येतो. दोन अंशांपर्यंत निर्धास्त. त्यापुढे हॉजलवरचं क्रोम तडकू शकतं. आज दोन अंश इकडे आणि पुढच्या महिन्यात तीन अंश तिकडे असा खेळ तर करूच नका, पुन्हापुन्हा वाकवलेल्या तारेसारखं तुटायची वेळ येते.

आणि हो, जे वाकवता येतं ते आपोआपही वाकतं. काँक्रीटवर अंथरलेल्या रेंजच्या मॅटवर रोज शंभर चेंडू मारणाऱ्याने वर्षातून एकदा मोजून घ्यावंच. लेखात हे नव्हतं, ती उणीव मान्य. कास्ट म्हणजे वाकतच नाही असंही मात्र नाही. ४३१ स्टेनलेस बऱ्यापैकी वाकतं. पिंग या अमेरिकन कंपनीची रंगीत ठिपक्यांनी लाय दाखवण्याची सगळी पद्धत कास्ट आयर्नवरच उभी राहिली. हट्टी आहे ते १७-४. तुमचा जुना सेट त्याच जातीचा होता.

गंजाबद्दल वाद नाही. कार्बन स्टील गंजतं, स्टेनलेस जवळपास नाही. वर निकेल-क्रोमचा पातळ थर असतो, तो सोलवर खड्यांनी आणि पुढच्या धारेवर बॅगेतल्या आपटाआपटीने फुटतो, आणि त्या फटीतून पाणी आत जातं. पण पावसाळ्याइतकाच दोष आपल्या सवयीचा. कॅडी ओल्या टॉवेलने डोकं पुसतो, ते तसंच आयर्न कव्हरमध्ये जातं, बॅग गाडीच्या डिकीत पुढच्या रविवारपर्यंत. चेंबूर-खारघरच्या दमट हवेत एवढं पुरतं. कव्हर पावसाळ्यात काढूनच टाका. घरी आल्यावर कोमट पाणी, साबण, नायलॉनचा ब्रश, कोरडं फडकं, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने सोलवर फिरवा. खेळायच्या आधी फेस मात्र कोरडा पुसा. चिंच-लिंबू पितळेच्या घंगाळाला ठीक, इथे आम्ल क्रोमच्या कडेखाली शिरून डाग वाढवतं. सोलवरचे तपकिरी ठिपके दिसायला वाईट, खेळाला निरुपद्रवी. खाचांमध्ये गंज असेल तर तो ब्रशने काढाच, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ०.५ मिलिमीटर खोल असलेल्या खाचेत भर पडायला वेळ लागत नाही.

किमतीबद्दल एवढंच म्हणेन की डोक्यावर ‘फोर्ज्ड’ कोरलेलं असलं तरी काही मॉडेलमध्ये फक्त फेस ठोकलेला असतो आणि मागचा भाग कास्ट. विकत घेण्याआधी अख्खं डोकं कशाचं आहे ते विचारायचं. तुमचा सेट पूर्ण फोर्ज्ड आहे, तेवढ्यापुरते तुम्ही फसलेले नाही.

लेखातलं ‘मऊ फील’चं वाक्य काढलंय, आणि मॅट व गंजाचा परिच्छेद घातलाय. तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: ५, ७ आणि ९ आयर्नवरच्या रेघेचे फोटो, पावडरच्या ठशांचा एक फोटो, आणि मशीनवर मोजलेले आकडे. ते येईपर्यंत सेट विकायला काढू नका, आणि ४८ ची वेजही कुणाला देऊन टाकू नका. ती कार्बन स्टीलची असेल तर २ अंश वीक करून (लॉफ्ट वाढवून) तिचीच ५० होते, आणि बाउन्स दोन अंशांनी वाढून पावसाळ्यात उलट सोयीचा पडतो.