मोटर अर्धीच चालते का हो?

दाजींची दिंडोरीकडं द्राक्षबाग आहे, विहिरीवर पाच एचपीची मोटर, आणि थ्री फेज लाइट येते रात्री, त्यामुळे विहीर आटून मोटर कोरडी फिरायला लागली तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो. मी बोललो, दाजी त्यात काय एवढं, कोरडी फिरली की करंट पडतो, वायरला एक सीटी, म्हणजे करंट मोजणारं कडं, अडकवतो, मोबाईलवर मेसेज येईल. हे मिसळ खाताना बोललो. नाशिकचा माणूस रस्सा पोटात गेला की काहीही कबूल करतो.

एडीसी, म्हणजे व्होल्टचे आकडे करून देणारी चिप, घेतला एडीएस१११५, डिफरन्शियल, १६ बिट, रेंज लावली ±४.०९६ व्होल्ट. उणे चार दिसल्यावर मी निवांत. सीटीचं एक टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, एडीसीची मायनस पिनपण ग्राउंडला, दुसरं टोक प्लसला. सिग्नल एक व्होल्ट वर, एक व्होल्ट खाली, चारात एक मावतोच की! लॅपटॉपवर बघतो तर लाटेचा वरचा डोंगर झकास आणि खालचा विळीवर चिरल्यासारखा सपाट. दाजी म्हणाले, "पाहुणे, मोटर अर्धीच चालते का हो?" गावचा वायरमन म्हणे न्यूट्रल ढिला आसंल. त्याचं हे ठरलेलंय, पंखा कुरकुरला तरी न्यूट्रलच ढिला.

रात्री एक वाजता चिपची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडली (आधी कोण उघडतं?). ते ±४.०९६ म्हणजे दोन पिनांमधला फरक! एकटी पिन ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा खाली गेलेली त्या चिपला खपत नाही. हिशोबात उणं चालतं, अंगावर नको.

मग ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर, मधोमध १.६५ व्होल्ट, ते हलू नये म्हणून तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि सीटीचं टोक ग्राउंडवरून काढून त्या मधल्या पॉइंटला. सिग्नल आता ०.६५ ते २.६५ मध्ये मस्त झोके घेणार. पण मायनस पिन घाईत ग्राउंडलाच राहिली, त्यामुळे मोटर बंद, स्टार्टर बंद, अख्ख्या शिवाराची लाइट गेलेली, आणि माझ्या पॉवर बँकवरच्या बोर्डात १.६५ ठाण मांडून बसलेलं. दाजी: "ह्याचं बिलपण येणार का?"

मायनस पिनपण मधल्या पॉइंटला जोडली तेव्हा कुठं मोटर बंद असताना शून्य आलं आणि चालू झाल्यावर दोन्ही डोंगर. वायरमन बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता, बोलला काहीच नाही, फक्त बघितलं माझ्याकडं.

मेसेज आता बरोबर येतात. दाजी ते वाचतात, चप्पल घालतात आणि विहिरीवर जाऊन पाइपाला हात लावून बघतात.