केसांच्या तपासणीवरून ऑटिझमचं कारण कळत नाही

"लेकराच्या केसांत जस्त कमी, शिसं जास्त निघालं, तर तेच ऑटिझमचं कारण. शरीरातले धातू बाहेर काढा, मूल बोलायला लागतं," असा मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर फिरतो आहे. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता; यात लेकराला बोलणं, इतरांत मिसळणं अवघड जातं. परवा अंगणवाडीत एक आई तीन वर्षांच्या लेकराच्या केसांची बट कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आली, म्हणून हे लिहिते आहे.

काही अभ्यासांत ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये जस्त सरासरीनं कमी आढळलं, हे खरं. पण त्यावरून कारण सिद्ध होत नाही. यातली कित्येक लेकरं दोन-तीनच पदार्थ खातात, त्यानंही जस्त घटू शकतं. आणि केसांना धूळ, तेल, बोअरचं पाणी लागतंच, आकडे त्यानंही बदलतात.

शिसं मेंदूला घातकच आहे, पण ते रक्तात तपासतात. धातू काढायची औषधं विषबाधेसाठी असतात. २००५ मध्ये अमेरिकेत अशाच उपचारात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला. जुलाबात १४ दिवस देतात ती झिंकची (म्हणजे जस्ताची) गोळीसुद्धा महिनोन्‌महिने चारू नका, बायांनो. जस्त फार झालं की शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं.

लेकरू हाकेला ओ देत नसेल, नजर देत नसेल, तर आशाताईला सांगा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते.