अकरा महिन्यांचा कागद

चहाच्या टपरीवर वाद पेटला तो एका पोराच्या नेमणूकपत्रावरून. जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना, मुदत अकरा महिने.

"अकरा लिहिले की मालक सेफ," ऑफिसवाला म्हणाला.

"कशाचा सेफ भो?" युनियनवाले अण्णा उसळले. "सलग नोकरी धरायला कायद्यात आकडा वर्षात २४० दिवसांचा. पगारी रविवार अन् सुट्ट्या धरून तो आठ महिन्यांत भरतो. अकरा तर घरभाड्याच्या कागदावरून उचललेले दिसतात. वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरा लिहायला लागले; आपल्या राज्यात तर अकराचाही नोंदवावा लागतो."

"म्हणजे २४० भरले की पर्मनंट?" टपरीवाल्यानं विचारलं.

निम्मा कट्टा इथंच चुकतो. केंद्राच्या कायद्यात नुसत्या २४० दिवसांनी कायमपणा आपोआप येत नाही. कामगाराला काढायचं असेल, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, एवढंच. कायम करायचं टाळण्यासाठी वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही मात्र आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यानं अनुचित प्रथा. तक्रार ९० दिवसांत करायची. लोक तिथंच झोपतात.

"पण मुदत संपून नोकरी गेली, तर ती कामगार-कपात धरत नाहीत. नोटीस नाही, भरपाई नाही," ऑफिसवाल्यानं हुकमाचं पान टाकलं. अण्णांना मान हलवावीच लागली.

"खरं. पण त्याच कामाला कायम कामगाराइतकाच पगार अन् सवलती द्याव्या लागतात. अन् २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात. मुदतीच्या माणसाला ग्रॅच्युइटी आता एका वर्षावर, पाच नाही. मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल, तर भागिले २६, गुणिले १५. वर्षाचे ७,५०० झाले."

"म्हणून तर अकरा!" ऑफिसवाला हसला.

"दोन दिवसांचा खंड दाखवून पुन्हा तोच माणूस, तेच मशीन. मस्टर, पीएफचं पासबुक, बँकेचा पगार, सगळं ओळीनं दिसतं. असला खंड कोर्टात टिकवणं जड जातं."

तेवढ्यात कुणीतरी त्याच पोराची पगाराची स्लिप पुढे केली. पत्रावर शिक्का कारखान्याचा, स्लिपवर नाव ठेकेदाराचं! इतका वेळ गप्प बसलेला डाळ मिलचा ठेकेदार सावरून बसला. "ठेकेदारीत गैर काय?"

ठेकेदारीत गैर काहीच नाही. झाडलोट, कँटीन, वॉचमन, माल चढ-उतार ठेक्यावर चालतं. मुख्य उत्पादनात ठेक्याचे कामगार लावायला मात्र नव्या संहितेत बंदी आहे, थोडे अपवाद सोडले तर. ठेकेदारानं पगार किंवा पीएफ बुडवला, तर तो मूळ मालकाच्या गळ्यात येतो. त्यामुळे पासबुक दर महिन्याला बघायचं, नोकरी सुटल्यावर नाही.

"मग ह्या पोराचा मालक कोण?" टपरीवाला.

अण्णांनी कप खाली ठेवला. "काम कोण सांगतं? अन् रजेच्या अर्जावर सही कोणाची?"

"कारखान्याच्या सुपरवायझरची."

ठेकेदारानं चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली.