‘दोन तासांत सहा ब्लेडं तुटली’ या अभिप्रायाला विक्रेत्याचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. हौसेनं घेतलेल्या यंत्रानं पहिल्याच दिवशी मनस्ताप दिला, याबद्दल मनापासून माफी मागतो.

एक तारा देऊन तुम्ही पाच गोष्टी लिहिल्यात. स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वरखाली करून नक्षी कापणारी विजेची करवत) टेबलावर नाचते, रेघ सरळ कापली जात नाही, दोन तासांत सहा ब्लेडं तुटली, यंत्र परत घ्यायला आम्ही नकार दिला, आणि शेवटी ‘स्वस्तातली घेणं म्हणजे पैसे पाण्यात, हौशी माणसानं वाटेला जाऊ नये’. थरथर आणि रेघ या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, त्यावरचा उपाय खाली लिहितो. पण सहा ब्लेडांवरून तुम्ही मालच निकृष्ट ठरवलात, ते मनाला लागलं. आमचा धंदा लहान आहे आणि नवीन गिऱ्हाईक आधी तारे बघतं, मग यंत्र. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

तुम्हीच टाकलेल्या तीन फोटोंपैकी दुसरा मोठा करून बघा. लाकडाशेजारी मोजपट्टी आहे, जाडी 40 मिमी दिसते. कापलेल्या कडेवर भाजल्याचा काळा पट्टा आहे आणि तुटलेली ब्लेडं मधोमध निळसर पडली आहेत. पोलाद असं निळं पडतं ते तापल्यामुळे. ब्लेडच मुळात सदोष असतं तर ते न तापताही मोडलं असतं, आणि सहाच्या सहा ब्लेडं बरोबर मध्यावर निळी पडली नसती.

ती तापली का, तेही सांगतो. या यंत्रात ब्लेड एका फेरीत जेमतेम 15 ते 20 मिमी वरखाली होतं. लाकूड 18 मिमीचं असेल तर बरेचसे दात दर फेरीला लाकडाबाहेर येतात आणि भुसा बाहेर टाकतात. 40 मिमीच्या लाकडात मधले दात बाहेर येतच नाहीत. दातांमधल्या खाचा भुशानं भरतात, कापणं थांबतं आणि नुसतं घासणं सुरू होतं. कापत नाही म्हणून आपण लाकूड आणखी दाबतो. दाबानं ब्लेड मागे वाकतं, आणि तशात वळण घ्यायला गेलं की पीळ बसून तुटतं. त्यातून फोटोत लावलेलं ब्लेड इंचाला 18 दातांचं, म्हणजे पातळ प्लायचं आहे. जाड लाकडाला 10 दातांचं लागतं, तेही खोक्यात होतं. पहिलं तुटल्यावर थांबून आम्हाला विचारलं असतंत तर पुढची पाच वाचली असती. तुमचा मेसेज रात्री साडेदहाला आला आणि सव्वाअकराला अभिप्राय लागलासुद्धा. उत्तर द्यायला पाऊण तासच मिळाला, याचं वाईट वाटतं.

एक चूक मात्र आमच्या पदरात घालतो. खोक्यावर ‘कमाल जाडी 50 मिमी’ असं छापलंय आणि आम्हीही माहितीत तोच आकडा दिला. तो आकडा वरच्या दांड्याखाली किती जाडीचा तुकडा सरकतो एवढंच सांगतो. कठीण लाकडात समाधानानं काम होतं ते 20 मिमीपर्यंत, मऊ लाकडात फार तर 25. हे आम्ही लिहायला हवं होतं, आता लिहू.

ब्लेडाचा ताणही तपासा. प्लग काढून ब्लेडला मधोमध बोटानं बाजूला दाबा. 3 मिमीपेक्षा जास्त सरकलं तर ताण कमी आहे. तारेसारखं छेडून बघितलंत तर बरोबर ताणलेलं ब्लेड स्वच्छ ‘टण्’ वाजतं, सैल असेल तर आवाज बसका येतो. दात खाली तोंड करून हवेत, बोट अलगद वर नेलं की टोचलं पाहिजे. उलटं बसलं तर प्रत्येक फेरीला लाकूड उचललं जाऊन आपटतं आणि पहिल्या मिनिटातच ब्लेड जातं. वेग पूर्ण 1600 वर ठेवू नका. कठीण लाकडाला मिनिटाला 700-800 फेऱ्या पुरतात. लाकडावर पॅकिंगची पारदर्शक टेप चिकटवून तिच्यावरून कापा, कड भाजण्याचं प्रमाण लगेच कमी होतं. एवढं करूनही ब्लेड संपतंच, ती झिजणारी वस्तू आहे. कठीण लाकडात अर्धा तास चाललं तरी त्यानं आपलं काम केलं. प्लायमधला गोंद तर धार आणखी लवकर खातो.

आता थरथर. पहिल्या फोटोत यंत्र घडीच्या प्लास्टिक टेबलावर आहे आणि बैठकीची चारही भोकं रिकामी दिसतात. स्वस्त यंत्र वजनाला हलकं असतं. महाग यंत्रात जड ओतीव बीड आणि चांगली बेअरिंग असतात, पैशांतला फरक मुख्यतः तिथेच जातो. त्यामुळे हलकं यंत्र बोल्टनं आवळणं ही सक्तीच समजा. जाड लाकडी फळी, तिच्यावर रबराचा तुकडा, त्यावर यंत्र, चार बोल्ट आणि वायसर, आणि ती फळी भक्कम बाकाला पक्की. त्यानंतरही एखाद्या ठरावीक वेगाला ते गुणगुणेल, तेव्हा वेग थोडा वरखाली करा.

रेघेचं म्हणाल तर बहुतेक साध्या ब्लेडांच्या एका बाजूला, बहुधा उजव्या, कारखान्यातच बारीक धार उरते. त्यामुळे कापताना त्या बाजूला ओढ राहते. महागड्या यंत्रातही ती असतेच. तुकडा चार-पाच अंश तिरका धरून ढकलला की रेघ सरळ येते, आणि प्रत्येक नव्या ब्लेडला हा कोन भंगार तुकड्यावर आधी शोधावा लागतो. लांब सरळ कापासाठी मुळात ही करवतच नाही. बाकी यंत्राच्या टेबलाच्या कोनाच्या काट्यावर विसंबू नका, लहान गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ब्लेडला टेकवून बघा. गुण्या नसेल तर जाड तुकड्यात उथळ चीर पाडा, यंत्र बंद करा, तुकडा फिरवून तीच चीर ब्लेडच्या मागच्या बाजूनं घालून बघा. सहज बसली तर टेबल काटकोनात आहे.

‘हौशी माणसानं घेऊ नये’ हे वाक्य मात्र मला पटत नाही. 3 ते 18 मिमी प्लाय किंवा मऊ लाकडातली खेळणी, नावाच्या पाट्या, कोडी, आठवड्याला तीन-चार तास काम, एवढ्याला हे यंत्र पुरतं आणि हात बसायला तर फारच चांगलं. ज्यांना नाजूक जाळीकाम करायचंय त्यांना मी ही पिनच्या ब्लेडांची, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी पिन असलेल्या ब्लेडांची, यंत्रं घेऊ नका असंच सांगतो. पिन आत सरकायला 4-5 मिमीचं भोक पाडावं लागतं, त्याहून बारीक नक्षी होत नाही. तिथे बिनपिनची ब्लेडं पकडणारं यंत्रच हवं, त्याला दीड मिमीचं भोक पुरतं. आणि रोज जाड कठीण लाकूड कापायचं असेल तर थांबून पैसे साठवावेत, हे मी विकणारा असूनही सांगतो.

यंत्र परत घ्यायला नकार दिल्याचं लिहिलंत, ते अर्धंच आहे. वापरलेली ब्लेडं परत घेत नाही, एवढंच आमच्या मुलानं सांगितलं. त्याच्याशी ज्या शब्दांत बोललात ते इथे लिहीत नाही, पण तो त्या दिवशी जेवला नाही. यंत्र परत करायचं असेल तर दार उघडं आहे.

माहितीपत्रक सुधारायचं काम हातात घेतलंय, बाकीही जे जमेल ते करू. इंचाला 10 दातांची सहा ब्लेडं आजच मोफत पाठवतो, सोबत चार बोल्ट आणि रबराचा तुकडा. यंत्र फळीवर आवळा, 18 मिमीचा मऊ तुकडा घ्या, वेग निम्म्यावर ठेवा आणि एक गोल कापून बघा. तरी ब्लेड तुटलं तर तुटलेल्या जागेचा फोटो पाठवा, मी स्वतः फोन करतो.