सोनं नव्हे, कांचन

2025 साली दसरा नेमका 2 ऑक्टोबरला आला, म्हणजे नोकरदार माणसाची एक हक्काची सुट्टी गांधीजयंतीच्या पोटात गेली. त्याआधी तृतीया वाढून नवरात्र दहा दिवसांचं झालेलं. नऊ रंगांच्या साड्या जमवून बसलेल्या आमच्या ऑफिसात जास्तीच्या दिवसाला कुठला रंग, यावरून दोन तट पडले. मी त्या दिवशी जी इस्त्रीची होती ती नेसले. सांगायचं काय, तर दसरा उजाडला तेव्हा मी मुळातच थकलेली होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे एका सत्तरी उलटलेल्या माणसाबद्दल मी जे बोलणार आहे ते शोभणारं नाही.

सकाळी सहाला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, बाजारात गेले. मीच गेले. नवऱ्याला गाडी धुवायची होती, आणि आमच्याकडे गाडी वर्षातून एकदाच धुतली जात असल्यामुळे त्या कामाला सकाळ पुरत नाही. झेंडूचा भाव ऐकून मी फूलवालीकडे नुसतं बघितलं. "पावसानं वाटोळं केलंय ताई, माझ्याकडं नका बघू," ती म्हणाली. तोरणापुरता घेतला. आपट्याची जुडी मात्र निवडून घेतली. चार जुड्या उलथ्यापालथ्या केल्या आणि तळहाताएवढी, मऊ, तुकतुकीत पानं असलेली उचलली. बारक्या खरखरीत पानांचीही एक होती, ती नाक मुरडून बाजूला सारली. हे नाक मुरडणं लक्षात ठेवा.

आता तळमजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक भजन धरतात, नाहीतर गुडघे. काकांनी झाडं धरली. दर रविवारी कापडी टोपी घालून येऊरच्या जंगलात जातात, गळ्यात नाडीला बांधलेलं भिंग असतं. सोसायटीच्या कुंपणालगत अशोकाची उंच रांग आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी टांगली : 'हा अशोक नव्हे.' खरा अशोक म्हणजे सीताअशोक, तो वेगळा. हा आसुपालव. पण हे पाटीवर कुठेच नाही. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला अशोक नावाच्या कुणावर तरी आरोप झालाय आणि सोसायटी त्याची बाजू घेतेय, असं वाटतं.

तर साडेदहाच्या सुमाराला खाली गाड्यांची पूजा चाललेली. स्कूटरच्या हँडलला हार, चाकाखाली लिंबू. अर्धी बिल्डिंग गेटपाशी. मी पानं वाटत फिरत होते. काकांच्या पाया पडले, पान हातावर ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घ्या काका, सोन्यासारखे राहा."

काकांनी पान उन्हात धरलं. उलटं केलं. भिंग लावलं. अंगठ्यानं चोळलं. मी हात जोडून उभी. मागे पाया पडणाऱ्यांची रांग लागायला लागली.

"अगं, हे सोनं नव्हे."

"म्हणजे?"

"हा कांचन आहे."

आणि पान माझ्या हातावर परत. दसऱ्याचं सोनं परत केलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. सोनार सुद्धा घट धरून का होईना, ठेवून घेतो.

"काका, बाजारात आपटा म्हणूनच दिलंय."

"बाजार काय, काहीही म्हणेल. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त. बारकं, जाड, हाताला खरखरीत लागतं. त्याच्या बिड्या वळतात. ह्याची वळून बघ बरं बिडी!"

मी दसऱ्याच्या दिवशी, नऊवारीत, गेटवर बिडी वळणार नव्हते.

"तरी पण दिसायला सारखंच की."

हे बोलायला नको होतं. काकांनी टोपी सरळ केली. "सारखं दिसणारच. एकच कुळी. बाउहिनिया! बाउहिन नावाचे दोन भाऊ होते, दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. पानाची ही दोन दलं बघितली आणि दोघा भावांचं नाव देऊन टाकलं. दोन भाऊ, एक देठ!"

दोन भाऊ एका देठावर हे ऐकून माझ्या मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. आमच्याकडे दोन भाऊ एका सातबाऱ्यावर टिकत नाहीत. गावाकडच्या बारा गुंठ्यांचा विषय निघाला की आमचं जेवण थंड होतं, आणि तो दर सणाला निघतो. पण ते असो.

"मग खरा आपटा मिळतो कुठे?" मी विचारलं.

"झाडावर."

"कुठल्या झाडावर?"

"ते सांगत नाही. सांगितलं की लोक ओरबाडतात."

एव्हाना सगळ्यांनी आपापलं पान निरखायला घेतलं होतं. स्कूटरवाले शेजारी स्वतः आणलेली जुडी हळूच डिकीत ठेवताना मी पाहिले. वॉचमनला सकाळीच पान दिलं होतं, तो खिशातून काढून पुढे आला. "अंकलजी, मेरा भी देखिए ना." काकांनी भिंग लावलं. "नकली." वॉचमननं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. त्यावर माझी लेक, नववीत आहे, मोठ्यानं म्हणाली, "आई, तू हॉलमार्क बघून घ्यायचं ना!" खरं सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, ते घेणं आपल्याच्यानं होत नाही, आता झाडाचंही बघून घ्यायचं.

माझं लहानपण कोल्हापूरचं. दसरा चौकात सूर्य बुडता बुडता छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटतात. लुटतात म्हणजे खरोखर लुटतात. बाबांच्या खांद्यावरून मी झेप घ्यायची आणि हातात एक मोडकी डहाळी यायची, तिला तीन पानं. तीही घरी येईपर्यंत दोन. पण ती पानं कुणाच्या हातावर ठेवली की समोरचा माणूस म्हातारा असो की शत्रू, कपाळाला लावून खिशात घालायचा. लांबी-रुंदी कुणी मोजली नाही.

आणि हो, काकांचं बरोबर आहे. मला कळतं. दसऱ्याच्या नावाखाली आपण झाडं बोडकी करतो आणि एकादशीला तीच पानं गटाराच्या जाळीवर अडकलेली असतात. हे त्यांनी नवरात्रात नोटीसबोर्डावर लिहिलं असतं तर मी जुडी आणलीच नसती. पण त्यांनी वाट बघितली. मी सहाला उठून, रिक्षाला पैसे देऊन, झेंडूवाल्यांच्या गर्दीत कोपर खाऊन येईपर्यंत वाट बघितली आणि मग भिंग काढलं. शिवाय माझा नवरा, जो एरवी टीव्हीवरच्या चर्चेला देखील उत्तरं देतो, तो त्या वेळी गाडीच्या चाकामागे खाली वाकून काहीतरी पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

उत्तर सुचलं साडेबाराला, पुऱ्या तळताना. कांचन म्हणजे सोनंच की! काका स्वतःच म्हणाले, सोनं नव्हे, कांचन! एक पुरी काळी झाली. पाठोपाठ दुसरंही सुचलं. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी 14 कोटी मोहरा हव्या होत्या, तेव्हा कुबेरानं त्या आपट्यावर पाडल्या ही आपली कथा. पण कालिदासाच्या रघुवंशात सोन्याचा पाऊस रघुराजाच्या कोषागारात पडतो, झाडावर नाही. म्हणजे आपटाच कशाला हवा? तडक खाली जाऊन बेल वाजवावी असं वाटलं. पण पिठाच्या हातानं कालिदास सांगायला गेलेली बाई लोक लक्षात ठेवतात.

चार दिवस थांबले. कोजागिरीला गच्चीवर दूध होतं, आणि आटवायची पाळी अर्थातच माझी. काका खुर्ची टाकून बसले होते, आकाशातलं बरंच काही ओळखत. मी ग्लास दिला आणि सहज आठवल्यासारखं म्हणाले, "काका, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, सोनं नव्हे, कांचन आहे. पण कांचन म्हणजे सोनंच ना हो?"

काका खूश झाले. मला हे अपेक्षित नव्हतं.

"बरोब्बर! आणि आपट्याला संस्कृतात काय म्हणतात माहितीये? अश्मंतक. अश्म म्हणजे दगड!" ते टाळी द्यायला पुढे झुकले. "तू मला सोनं देत होतीस आणि मी दगडासाठी अडून बसलो होतो! आहे की नाही गंमत?"

सगळी गच्ची हसली. सासूबाई हसल्या. माझा नवरा तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी चार दिवस धार लावून ठेवलेलं वाक्य, आणि टाळी काकांना. कालिदास तसाच राहून गेला.

"दुधात जायफळ जरा जास्त झालंय हं," असं म्हणून काकांनी रिकामा ग्लास पुढे केला. मी भरला. डाव असा तिरका धरला की केशर जाईल, पण चारोळ्या सगळ्या पातेल्यातच राहतील.